पहिल्याच क्रूझवर बोट लागू नये म्हणून काय करावे?

अनुराधा_चिंचवड

नमस्कार. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन पुन्हा मुंबईला परतणाऱ्या क्रूझवर निघणार आहोत. एकूण पाच रात्री जहाजावर काढायच्या आहेत आणि आमच्यापैकी कोणीही आजवर मांडव्याच्या लाँचपलीकडे समुद्रप्रवास केलेला नाही. सोबत माझे यजमान, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब असून दोन्हींच्या गोळ्या नियमित चालू आहेत.

माझी स्वतःची अडचण जुनी आहे. लहानपणी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात मला एस.टी. लागली नाही असे कधी झाले नाही, आणि आजही मागच्या सीटवर बसून मोबाइल पाहिला की दहा मिनिटांत डोके जड होऊन मळमळू लागते. मुलगा या बाबतीत माझ्यावरच गेला आहे. गाडी लागली तर निदान ती थांबवून रस्त्याकडेला उभे राहता येते. समुद्रात बोट लागली तर उतरून जायला जागा नाही, आणि या एका विचाराने सहलीचा आनंद आत्तापासूनच काळवंडला आहे.

एवढ्या मोठ्या जहाजावर खरोखरच बोट लागते का? खोली निवडण्याची मुदत अजून आहे: एक पर्याय वरच्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला असलेल्या बाल्कनीच्या खोलीचा आहे, तर दुसरा खालच्या डेकवर जहाजाच्या मध्यभागी केवळ बंद खिडकी असलेल्या खोलीचा. बाल्कनीत मोकळी हवा मिळेल म्हणून यजमानांचा कल तिकडे आहे. गोळी घ्यायची असल्यास कोणती आणि केव्हा, मुलाला ती देता येते का, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या तर त्यांच्या साखरेचे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तांडेल

अनुराधाताई, मी २९ वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात काढली आहेत, म्हणून खोलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आज सोडवता येण्यासारखा आहे. निःशंकपणे खालची, मध्यभागाची खोली घ्या.

वाऱ्यात डोलणारा माड आठवून पाहा. बुंध्याशी तो जेमतेम हलतो आणि शेंड्याशी हातभर झुकतो. जहाज डाव्या-उजव्या बाजूंना कलते, त्याला आम्ही रोलिंग म्हणतो, तेव्हा वरच्या डेकची अवस्था माडाच्या शेंड्यासारखी होते. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेवर चढून पुन्हा खाली येते ते पिचिंग, आणि त्यात मधला भाग फारसा जागचा हलत नाही, तर नाळेकडची खोली झोपाळ्याच्या टोकावर बसल्याप्रमाणे वरखाली होत राहते. तुम्हाला देऊ केलेली बाल्कनीची खोली या दोन्ही दृष्टींनी सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी आहे. मोकळी हवा घेण्यासाठी मधल्या डेकवर दिवसभर बसता येते. रात्री आठ तास झोपायची जागा मात्र स्थिर हवी.

आधुनिक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांच्यामुळे रोलिंग बरेच कमी होते, पण पिचिंगवर त्यांचा इलाज नाही. शिवाय हे पर वाहत्या पाण्याच्या जोरावर काम करतात, त्यामुळे जहाजाचा वेग मंदावला किंवा ते बेटाजवळ उभे राहिले की त्यांचा उपयोग कमी होतो. चालत्या जहाजात ठीक असलेल्या माणसाला थांबलेल्या जहाजात मळमळू लागले तर नवल वाटू देऊ नका.

मांडव्याच्या लाँचचा अनुभव इथे कसोटीला धरू नये, हेही सांगतो. बंदरातल्या लाटा आखूड असतात. पाच सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी सुमारे ४० मीटर भरते. ती लाँचला हलवते, पण दोनशे मीटर लांबीच्या जहाजाला तिची दखलही घ्यावी लागत नाही. दहा-अकरा सेकंदांनी येणारी लाट मात्र दीडशे ते दोनशे मीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ जहाजाएवढी, आणि मोठ्या जहाजाची नाळ उचलण्याची ताकद तिच्यात असते. कुलाब्याच्या टोकाजवळचे प्रोंग्जचे दीपगृह मागे पडेपर्यंत तुम्हाला काहीही जाणवणार नाही. मोकळा समुद्र त्यानंतर सुरू होतो, म्हणून बंदरात बरे वाटते या भरवशावर गोळी पुढे ढकलू नका.

मुशाफिर_नाशिक

आम्ही दोन वर्षांपूर्वी मुंबई–गोवा क्रूझ केली होती. माझा सल्ला असा की उगाच आधीपासून औषधे घेऊन गुंगीत राहू नये. ऑनडॅन्सेट्रॉनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात, त्या उलटीवर उत्तम असतात, आणि त्रास झालाच तर घ्याव्यात. जहाजावर चढण्यापूर्वी पोट पूर्ण रिकामे ठेवावे, म्हणजे उलटीला काही उरतच नाही. आम्हाला काहीही त्रास झाला नाही. आलेपाकाच्या वड्या मात्र सोबत जरूर असाव्यात.

कानडॉक्टर

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. मुशाफिर यांनी सद्भावनेने लिहिले आहे, तरी त्यांच्या दोन मुद्द्यांशी मला असहमती नोंदवावी लागेल, कारण त्या दोन समजुतींपायीच पुष्कळ लोकांची पहिली सफर खोलीतल्या न्हाणीघरात संपते.

आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्या मुळाशी चुन्याच्या सूक्ष्म कणांनी जड झालेले दोन संवेदक असतात. डोके वळले, कलले, वर गेले किंवा खाली आले की त्याची वर्दी हे अवयव मेंदूला देतात. जहाजाच्या आतल्या दालनात डोळे म्हणतात की भिंती, टेबल, पुस्तक सगळे जागच्या जागी आहे. कान म्हणतात की आपण वरखाली होत आहोत. या परस्परविरोधी साक्षींचा मेळ मेंदूला घालता येत नाही, आणि त्यातून जांभया, घशाशी लाळ येणे, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे, मळमळ व शेवटी उलटी अशी साखळी सुरू होते. ज्यांच्या दोन्ही कानांतील ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते त्यांना कितीही खवळलेल्या समुद्रात बोट लागत नाही, एवढ्यावरून दोष पोटाचा नसून मूळ कानात आहे हे ध्यानात येईल. सर्वाधिक त्रासदायक असतो तो साधारण पाच सेकंदांत एक या गतीने होणारा वरखाली हेलकावा.

आता औषधाच्या वेळेबद्दल. मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते आणि गिळलेली गोळी पुढे आतड्यात सरकतच नाही, त्यामुळे ती रक्तात उतरत नाही आणि बहुधा पुढच्या उलटीबरोबर बाहेर पडते. म्हणूनच बोट लागण्यावरची गोळी जहाज हलण्यापूर्वी घ्यायची असते. ऑनडॅन्सेट्रॉन हे केमोथेरपीनंतरच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर फार चांगले औषध आहे, परंतु कानापासून निघणाऱ्या या त्रासाचा मार्ग वेगळा असल्याने तिथे त्याचा प्रतिबंधक उपयोग फारसा होत नाही. डॉमपेरिडोनचेही तेच. ॲलर्जीवरच्या ज्या नव्या गोळ्यांनी गुंगी येत नाही त्याही इथे कुचकामी ठरतात, कारण त्या मेंदूपर्यंत फारशा पोहोचतच नाहीत.

उपयोगी पडतात ती जुनी, थोडी गुंगी आणणारी औषधे. आपल्याकडे सहज मिळणारी दोन म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट, जे ॲव्होमिन या नावाने घराघरांत ठाऊक आहे, आणि सिनारिझिन, जे स्टुगेरॉन म्हणून मिळते. प्रौढांसाठी पहिल्याची २५ मिलिग्रॅमची गोळी लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्यापूर्वी एक ते दोन तास घेतात. दुसऱ्याची निघण्यापूर्वी दोन तास. सिनारिझिनने गुंगी तुलनेने कमी येते, म्हणून अनुराधाताई, तुमच्यासाठी मी तिला पहिली पसंती देईन, मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच. कोणतीही गोळी प्रथमच जहाजावर घेऊ नका. सुट्टीच्या एखाद्या दिवशी घरी घेऊन पाहा, म्हणजे किती झोप येते याचा अंदाज येईल. या गोळ्यांबरोबर मद्य पूर्ण वर्ज्य, हे यजमानांनाही सांगा.

परदेशात हायोसिनची पट्टी कानामागे लावतात आणि तिचा परिणाम तीन दिवस टिकतो. औषध चांगले आहे, पण वृद्धांना त्याने गोंधळल्यासारखे होऊ शकते. हाच घटक धोत्र्यात असतो आणि खेड्यापाड्यांत कधीकधी धोत्र्याच्या बिया घरगुती औषध म्हणून वापरल्या जातात, म्हणून कळकळीने सांगतो की धोत्र्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. बियांतील मात्रा मोजता येत नाही आणि त्या विषबाधेने माणसे दगावतात.

या औषधांचा शोध कसा लागला ते थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते. १९४७ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका बाईंना अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींसाठी एक नवे ॲलर्जीविरोधी औषध दिले होते. ट्रॅममध्ये बसले की मला नेहमी मळमळायचे, ते हे औषध घेतल्यापासून थांबले, असे त्यांनी सहज सांगितले. डॉ. गे आणि डॉ. कार्लायनर यांनी ते बोलणे कानाआड केले नाही. त्याच वर्षाअखेरीस अटलांटिक ओलांडणाऱ्या एका लष्करी जहाजावरील सैनिकांवर त्यांनी ते तपासले, आणि डायमेनहायड्रिनेट हे बोट लागण्यावरचे औषध म्हणून जगभर मान्य झाले. रुग्णाने जाता जाता सांगितलेले ऐकावे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून शिकवतो.

आल्याबद्दल मुशाफिर यांचे म्हणणे मात्र ग्राह्य आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात खवळलेल्या समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल कॅडेटांपैकी काहींना एक ग्रॅम सुंठपूड आणि काहींना नुसतीच निष्प्रभ पूड दिली होती. सुंठ घेतलेल्यांमध्ये उलट्या आणि थंड घाम कमी आढळला, पण मळमळीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. म्हणजे सुंठ किंवा आलेपाक सोबतीला जरूर असावा, पण ज्याला घाटात हमखास गाडी लागते त्याने केवळ त्याच्यावर विसंबू नये. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून तोकडा आहे, तरी त्यांच्यापासून अपायही नाही.

रिकामे पोट हीदेखील चुकीची तयारी आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन तास भात, मऊ खिचडी, इडली किंवा पोळी असे हलके, कमी तेलाचे खाऊन घ्यावे. मुलांमध्ये हा त्रास साधारण दोन ते बारा या वयात सर्वांत अधिक असतो, म्हणून तुमच्या मुलासाठी बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे मात्रा ठरवून घ्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बाळांना कधीही देत नाहीत, आणि मोठ्या मुलांतही एखाद्याला त्याने झोप येण्याऐवजी उलट चळवळ सुरू होते, त्यामुळे घरची चाचणी त्याच्या बाबतीत अधिकच महत्त्वाची आहे.

सासूबाईंविषयी काही सांगण्यापूर्वी मला त्यांच्या सर्व औषधांची नावे हवीत. डोळ्यांचे थेंब, लघवीच्या गोळ्या, झोपेची गोळी, काहीही वगळू नका.

वेंगुर्ल्याची_सून

डॉक्टरांनी आणि तांडेल यांनी शास्त्र सांगितले आहेच. मी अनुभव सांगते. माझे सासर वेंगुर्ल्याचे. १९७० च्या दशकात मुंबईहून गावी जायचे तर भाऊच्या धक्क्यावरून कोकणची आगबोट पकडावी लागे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत ती जाई, आणि पावसाळ्याचे महिने ती बंदच असे. आमच्या सासूबाई धक्क्यावर सर्वांच्या आधी पोहोचून बोटीच्या मध्यावर, इंजिनाच्या वासापासून दूर वळकटी पसरायच्या. त्या काळी मला तो जागेसाठीचा हट्ट वाटे. आज तांडेल यांनी लिहिलेले वाचताना कळले की दर्याकाठच्या त्या बाईने तीच गोष्ट अनुभवातून हेरली होती.

त्यांचे आणखी दोन नियम होते. बोट लागेल असे वाटताच बसून राहायचे नाही, उताणे पडायचे, डोके वळकटीत रुतवून स्थिर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दुसरे म्हणजे शेजारी कोणी ओकू लागले तर तिथून उठायचे, कारण तो वास आणि ते दृश्य चांगल्या माणसालाही आडवे करते. सोबत लिंबू, कुरमुरे, आवळासुपारी आणि एक ओला पंचा असायचा. लिंबू खाण्यापेक्षा हुंगण्यासाठी जास्त वापरले जाई.

तरीही सर्वांत अवघड वेळ असायची ती उतरण्याची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि आम्हाला पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्याला जावे लागे. रात्रभर ठीक असलेली माणसे त्या पंधरा-वीस मिनिटांत उलट्या करताना मी पाहिली आहेत. हे एवढ्यासाठी सांगते की लक्षद्वीपलाही मोठे जहाज बेटाभोवतीच्या उथळ पाण्याच्या बाहेर उभे राहते आणि लहान नावांतून बेटावर नेतात. तेव्हा सकाळी बेटावर जायचे असेल तर त्या दिवशीच्या गोळीची वेळ जहाज सुटण्याच्या नव्हे, नावेत उतरण्याच्या हिशेबाने धरा, आणि न्याहरीला तळलेले काही घेऊ नका. नावेत समोर, किनाऱ्याच्या माडांकडे पाहत बसा. खाली पायांकडे किंवा फोनच्या पडद्याकडे पाहिलेत तर त्रास हमखास वाढेल.

तीन वर्षांपूर्वी मुलाने मला क्रूझवर नेले. पहिल्या रात्री भरपूर पदार्थ मांडलेले पाहून मी पनीर, पुलाव, दोन गोड पदार्थ असे सर्व घेतले आणि लगेच जहाजाच्या टोकाला असलेल्या बंद नाट्यगृहात जादूचे प्रयोग पाहायला बसले. अर्ध्या तासात मला घाम फुटला. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेले सर्व मी त्या एका संध्याकाळी विसरले होते. मुलाने खोलीत नेऊन आडवे केले, तेव्हा कुठे तासाभराने बरे वाटले.

अनुराधा_चिंचवड

सर्वांचे मनापासून आभार. खालची, मध्यभागाची खोली कालच नक्की केली. यजमानांना माडाचे उदाहरण पटले.

सासूबाईंची औषधे अशी आहेत: साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची एक गोळी, आणि रात्री दोन्ही डोळ्यांत डोळ्यांचा दाब कमी करणारे थेंब. थेंबांचा येथे काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते, म्हणून प्रथम लिहिले नाही. त्यांना एस.टी. किंवा गाडी कधीही लागलेली नाही.

कानडॉक्टर

थेंबांचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. डोळ्यांचा दाब म्हणजे बहुधा काचबिंदू. त्याच्या एका प्रकारात डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याचा कोन अरुंद असतो, आणि प्रोमेथाझिन किंवा हायोसिनसारख्या औषधाने अशा डोळ्याचा दाब एकाएकी वाढून दृष्टीला धोका पोहोचू शकतो. त्यांचा प्रकार कोणता आहे हे त्यांच्या नेत्रतज्ज्ञांनाच विचारा आणि ते स्पष्ट होईपर्यंत घरातील ॲव्होमिन त्यांना देऊ नका.

माझे मत विचाराल तर सासूबाईंना आधीपासून कोणतीच गोळी देऊ नये. वाढत्या वयात बोट लागण्याचे प्रमाण कमी होत जाते, त्यांचा पूर्वेतिहासही तसा नाही, आणि हलत्या जहाजाच्या जिन्यावर गुंगीत तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे ही मळमळीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. संपूर्ण कुटुंबाला सरसकट एकच गोळी वाटण्याची आपल्याकडची पद्धत मला धोक्याची वाटते.

खरी काळजी ग्लिमेपिराइडची आहे. ही गोळी घेऊन नंतर जेवण पोटात राहिले नाही तर साखर फार खाली जाऊ शकते. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: खाणे बंद पडले तर कोणती गोळी थांबवायची, आणि उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले तर मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टनचे काय करायचे. ग्लुकोमीटर, पुरेशा पट्ट्या आणि ग्लुकोज पावडर हातातल्या पिशवीत असू द्या; मोठे सामान खोलीत पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते. घाम, हात थरथरणे, घाबरल्यासारखे होणे ही लक्षणे साखर उतरल्याचीही असतात आणि बोट लागल्याचीही, म्हणून त्यांच्या बाबतीत अंदाज न बांधता प्रत्येक वेळी साखर मोजा.

कोणालाही उलट्या सुरू झाल्या तर ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून चमचा-चमचा, घोट-घोट पाजत राहा. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. काहीच पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा माणूस सुस्त वाटत असेल तर वेळ न दवडता जहाजावरील दवाखान्यात न्या. तिथे इंजेक्शन देता येते आणि ते जठरावर अवलंबून नसल्याने लागू पडते. छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा पोटात सतत दुखणे असेल तर ते बोट लागणे समजून घरगुती उपाय करत बसू नका.

तांडेल

एक राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ओखीने लक्षद्वीपला झोडपले होते. वादळाच्या वाटेवर प्रवासी जहाज सहसा नेत नाहीत, पण वादळ शेकडो मैल दूर असले तरी त्याची लांब लाट तुमच्यापर्यंत येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची आणि दोन लाटांमधला कालावधी यांचा अंदाज रोज देते. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून तो पाहा आणि फक्त उंची पाहून थांबू नका.

शिवाय जाताना आणि येताना समुद्र एकसारखा वाटणार नाही. या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर वारा बहुधा उत्तरेकडचा असतो. दक्षिणेला जाताना लाटा पाठीमागून येतात आणि संथ वाटतात. परतताना जहाज त्यांना सामोरे जाते, म्हणून त्या अधिक घाईने भेटतात आणि पिचिंग वाढते. जाताना काहीच झाले नाही म्हणून परतीच्या रात्री गोळी बंद करण्याची चूक नवे खलाशीसुद्धा करतात. माणूस दोन-तीन दिवसांत सरावतो हे खरे, पण रजेवरून परतल्यावर पहिले दोन दिवस मलाही दरवेळी जड जात असत. त्यात कमीपणा काही नाही. मुलाला क्षितिजाकडे पाहत पुढची लाट केव्हा येईल ते सांगायला लावा. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधी ठाऊक असते. त्याच तत्त्वाचा मुलाला उपयोग होईल.

अनुराधा_चिंचवड

आम्ही परवा परत आलो. कोणाच्या तरी पुढच्या सफरीला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

निघण्यापूर्वीच्या दोन रविवारी मी आणि मुलाने ठरलेली औषधे घरी घेऊन पाहिली. मला सिनारिझिनने थोडी सुस्ती आली, मुलगा मात्र त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अर्ध्या गोळीवर दुपारभर झोपला, म्हणून त्यांनी मात्रा आणखी कमी करून दिली. बॅलार्ड पिअरला जहाज सुटायला दोन तास असताना, सामान तपासणीच्या रांगेतच, आम्ही दोघांनी गोळ्या घेतल्या. जाताना समुद्र खरोखर संथ होता. सासूबाईंना पाचही दिवस काही झाले नाही. नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा कोन अरुंद असल्याचे सांगून प्रोमेथाझिनला स्पष्ट मनाई केली होती. हा प्रश्न येथे विचारला गेला नसता तर मी आमच्या औषधांच्या डब्यातली तीच गोळी त्यांना दिली असती, आणि त्या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो. त्यासाठी डॉक्टरांचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही.

बेटावर नेणाऱ्या लहान नावेत यजमानांना उलटी झाली. त्यांना आजवर काहीच लागलेले नव्हते, म्हणून त्यांनी गोळी घेतली नव्हती आणि नावेत ते आमची छायाचित्रे काढत फोनच्या पडद्याकडे पाहत होते. वेंगुर्ल्याच्या वहिनींनी नेमके हेच सांगितले होते. किनाऱ्यावर पाय टेकल्यावर दहा मिनिटांत ते सावरले.

परतीच्या पहिल्या रात्री जेवणानंतर नाळ वरखाली होऊ लागली. मुलाला जांभयांवर जांभया येऊ लागल्या आणि त्याचा चेहरा उतरला. ही सुरुवात असल्याचे येथे वाचले होते म्हणून उलटीची वाट न पाहता त्याला मधल्या डेकवर नेले. अंधारात क्षितिज दिसत नव्हते, परंतु दूरवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसत होते. त्या दिव्यांकडे पाहत तो लाटा मोजत बसला आणि वीस मिनिटांनी स्वतःहून बिस्किट मागून घेतले. नंतर त्याला खोलीत उताणे झोपवले. आमच्या ओळखीचे झालेले एक जोडपे वरच्या डेकवर पुढच्या टोकाच्या खोलीत होते, त्यांनी ती रात्र जागून काढली आणि पहाटे दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतले. मला मळमळ झाली, पण उलटी झाली नाही.

एक शंका उरली आहे. घरी आल्यापासून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले की जमीन हलल्यासारखी वाटते, आंघोळीला डोळे मिटले की अधिकच. मळमळ अजिबात नाही. यासाठी काही घ्यावे लागेल का?

कानडॉक्टर

काहीही घेऊ नका. पाच दिवसांत मेंदूने जहाजाच्या डोलण्याचा हिशेब मांडायला घेतला होता, तो आता मोडायला त्याला थोडा अवधी लागतो, आणि बहुतेकांना हे एक-दोन दिवसच जाणवते. आंघोळ करताना भिंतीला हात असू द्या, दोन दिवस दुचाकी चालवू नका आणि रोज मोकळ्यावर थोडे चाला. क्वचित एखाद्याला हे डोलणे महिनोन्महिने राहते. महिना उलटूनही ते टिकले, किंवा त्यापूर्वी ऐकू कमी येणे, कानात आवाज येणे अथवा गरगरून उलटी होणे असे काही झाले, तर मात्र जवळच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवा.